गरोदर भगिनीस एकटीने बोलू द्या
(माहुल येथील बौद्ध कुटुंबांच्या सभेतील भाषण)


आपण पंचशील ग्रहण केले. त्यातील पहिलेच शील हिंसेपासून परावृत्त होण्याचे आहे. मग गरोदर पत्नीवर हात उगारणारा पुरुष आपल्या घरी कसा? बोलणे कडू वाटेल, पण वकिली करताना हेच माझ्या कानी पडते.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलताना बाबासाहेबांनी प्रसूतीपूर्वीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित पाहिले होते. ज्या घरात मार आहे तेथे विश्रांती कोठली?

वांद्र्याच्या भाभा इस्पितळात महापालिका व 'सेहत' यांनी २००० साली 'दिलासा' केंद्र काढले. मार खाणारी स्त्री इस्पितळातच ओळखावी, तिला एकांतात विचारावे, हा त्यामागील विचार. नाव घालण्यास गेलेल्या सुनेस परिचारिकेने असे विचारले, तर सासूबाईंनी दाराबाहेर बसावे. त्या शेजारी असल्या म्हणजे 'जिन्यावरून पडले' हेच उत्तर यावयाचे!

आणि भगिनींनो, खरे सांगितल्याने घर सुटेल ही भीती बाळगू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, घर पतीच्या नावे असले तरी त्यात राहण्याचा हक्क तुम्हांस आहे. दंडाधिकाऱ्याकडे अर्ज तुम्ही स्वतः करू शकता.