एका पैचा हिशेब



देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांकडे हिशेबाचे काम होते आणि एके दिवशी त्या हिशेबात एका पैची चूक निघाली, ही कथा चरित्रपरंपरेने घरोघर पोहोचविली आहे. रात्रभर दिव्याजवळ बसून नाथांनी ती पै शोधली आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली. हीच तन्मयता ईश्वराच्या ठायी लागली तर काय होईल, हे सद्गुरूंनी त्या क्षणी शिष्याला उमजविले. कीर्तनकार ही कथा एकाग्रतेसाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. एका पैसाठी एवढे जागरण कशाला, असे स्वामी म्हणाले नाहीत. पै सोडून देऊन परमार्थाला लाग, असा उपदेश त्या कथेत नाही. प्रपंचातील पैचा हिशेब ज्याला लागतो, त्यालाच परमार्थातील हिशेब लागण्याची आशा, असाच तिचा भाव आहे.

नाथांचे हे जागरण म्हणजे कृपणता नव्हे. कृपणाचे लक्ष साठ्यावर असते. हिशेबी माणसाचे लक्ष प्रत्येक पै कोठून आली व कोठे गेली यावर असते. कृपण मनुष्य आजाऱ्याच्या औषधातही काटछाट करतो. हिशेबी गृहस्थ औषधाला मागेपुढे पाहत नाही, कारण त्यासाठी त्याने अगोदरच बाजूला काढून ठेवलेले असते. काटकसर हा शब्द अलीकडे उगाच केविलवाणा झाला आहे. वस्तुतः तो मोठ्या स्वाभिमानाचा शब्द आहे.

घरे कर्जात कशी बुडतात, याची एक जुनी साक्ष उपलब्ध आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचे मोल आले. शेतकऱ्यांनी त्या तेजीत गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, असे त्या काळाविषयी सांगतात. ते अक्षरशः खरे असो वा नसो, पैसा खुळखुळत होता आणि सावकार मागेल त्याला उसने देत होता, यात शंका नाही. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र उभेच राहिले. पुढे दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी रयतेने सावकारांवर चाल केली आणि त्यांच्या वह्या व खते जाळली. दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला, तो या दंग्याच्या परिणामी.

सरकारने दंग्याच्या कारणांची चौकशी केली, तेव्हा रयत लग्नकार्यात उधळपट्टी करते म्हणून बुडते, हे मत सर्वत्र रूढ होते. आश्चर्य असे की चौकशी आयोगाने ते मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. लग्नाचा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने मोठा असतो हे आयोगाने मान्य केले. पण तो क्वचित येतो. पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी साऱ्यासाठी वारंवार घेतलेल्या लहान रकमाच कर्ज अधिक फुगवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या गरिबाला बियाण्यासाठीच कर्ज काढावे लागते त्याला काटकसरीचा उपदेश करणे हा त्याचा अपमान आहे, हेही या निष्कर्षात आले. तेव्हा या विषयाचे बोल त्याच्यासाठी नाहीत. ज्याच्या हातात निवड करण्यापुरते काही उरते, त्याच्यासाठी आहेत. लग्नाचा खर्च सर्वांना दिसतो, म्हणून सर्व त्यावर बोलतात. लहान रकमा कोणाला दिसत नाहीत, स्वतः कर्जदारालाही नाहीत.

आज तर त्या अधिकच दिसेनाशा झाल्या आहेत. पूर्वी बटव्याची नाडी सैल करताना हात क्षणभर थबकत असे. नाणे मोजून द्यावे लागे आणि बटवा हलका झाल्याचे बोटांना कळे. आता दुकानातील चौकोनी खुणेसमोर मोबाईल धरला की काम झाले. सोय उत्तमच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु थबकणारा तो हात नाहीसा झाला, हे खरे. त्यातच हप्त्याची वस्तू आली. आठशे-हजारांचा एक हप्ता म्हणजे काहीच नव्हे असे वाटते. असे सहा हप्ते एकाच पगारातून जाऊ लागले की महिन्याच्या वीस तारखेला घरात कुजबुज सुरू होते आणि मुलाच्या शाळेची फी भरण्यासाठी सातवे कर्ज निघते. सुप्याची खते कागदावर होती, ती जाळता तरी आली.

मग लग्नाच्या खर्चाला मोकळीक द्यावी काय? तसेही नाही. तो खर्च क्वचित येतो हे खरे, पण तो माणूस स्वतःसाठी करीत नाही. चार लोकांच्या डोळ्यांसाठी करतो. आणि हे चार लोक कोण, याचा विचार कोणी करीत नाही. गावातील किंवा समाजातील संपन्न गृहस्थाने आपल्या कन्येच्या विवाहात पाच पक्वान्ने केली, रोषणाई केली, तर ते त्याला परवडते. त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या शेजारच्या कारकुनाचे. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचे लग्न ठरते, तेव्हा मुलाकडची मंडळी मागच्या वर्षीच्या मांडवाचे माप घेऊन येतात. श्रीमंताने केलेला थाट गरिबाच्या घरी कर्ज होऊन उतरतो. म्हणून ज्याला परवडते त्यानेच हात आखडावा. त्याच्या त्या आखडलेल्या हाताने शेजारच्या घरातील कन्येचा पिता निःश्वास टाकतो आणि ते दान कोणत्याही पावतीपुस्तकात लिहिले जात नाही.

वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी हेच केले. व्यापारी घराण्यातील विवाह म्हणजे वैभवाचे प्रदर्शन, अशी त्या काळची रीत होती. त्यांनी १९२६ मध्ये कन्या कमला हिचा विवाह साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या समक्ष अगदी साधेपणाने लावला. गाडगे महाराजांचा प्रसंग याच्या उलट टोकाचा आहे. ते तेव्हा डेबूजी होते, गरीब परटाच्या घरातील तरुण शेतकरी. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी पाहिली होती. पहिल्या मुलीच्या बारशाला जातभाईंना मद्य व मांस द्यावे, त्यासाठी ऋण काढावे लागले तरी काढावे, अशी प्रथा होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. मंडळी रागावली, ते रागावणे त्यांनी सोसले. श्रीमंताने साधेपणा दाखविला तर लोक कौतुक करतात. गरिबाने दाखविला तर त्याला ऐपत नाही म्हणतात. डेबूजींचे धैर्य म्हणूनच मोठे.

वाचविलेल्या पैशाचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. इंदूरकडील मंडळींना त्याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. होळकरांच्या राज्यात दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा होता. १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी देशभर देवळे, घाट व धर्मशाळा बांधल्या, काशीच्या विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये उभे केले, ते या खासगीच्या द्रव्यातून. महेश्वरचा त्यांचा वाडा आजही पाहता येतो. लाकडी खांबांची ती साधी वास्तू पाहून राजवाडा कोठे आहे असे एखादा प्रवासी विचारील. स्वतःच्या राहणीत जे गेले नाही, ते घाटांच्या पायऱ्यांत गेले. गाडगे महाराजांनीही यात्रेकरूंसाठी मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र हातात खापर घेऊन बाहेरच राहिले.

मठाच्या पंगतीला बसणाऱ्यांना यातील बरेचसे सवयीने ठाऊक आहे. थोडे वाढून घ्यावे, लागेल तसे मागावे, पानात टाकू नये, हे तेथे लहान मुलांनाही सांगावे लागत नाही. तेच मूल मंगल कार्यालयात उभ्याने जेवताना बशी भरभरून घेते व निम्मी टाकून देते. मूल तेच, मोठ्यांचे वागणे तेवढे बदलले. प्रश्न इतकाच की पंगतीतील ही शिस्त घरच्या कार्यात कशी न्यावी. त्याला जुन्याच रीतीत एक जागा आहे. लग्न ठरले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसून याद्या करतात. मानपान, देणेघेणे, पंगती किती, सारे तेथे लिहिले जाते. त्या कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल: या कार्यासाठी दोन्ही घरांपैकी कोणीही कर्ज काढणार नाही. ही ओळ मुलीच्या बापाला सुचविता येत नाही, त्याची जीभ अडते. ती वरपक्षाच्या थोरल्या माणसाने सांगावयाची, आणि तीही हळद-कुंकू लावून कागद दुमडण्यापूर्वी.