जन्मठेपेचीं चौदा वर्षें
(शेतकरी व कारागीर यांच्या सभेंत केलेलें भाषण)



जन्मठेप म्हणजे चौदा वर्षें, अशी समजूत खेड्यापाड्यांत पक्की बसली आहे. पंधरावें वर्ष लागलें कीं घरधनी दारांत उभा राहील, या आशेवर कित्येक बाया संसार रेटतात. ही समजूत खरी नाहीं. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ सालीं गोपाळ गोडसे यांच्या खटल्यांत सांगितलें. पुढें १९७८ सालीं कायद्यांत नवें कलम घातलें. ज्या गुन्ह्यास फांशीही होऊं शकते, त्यांत जन्मठेप झालेल्यास निदान १४ वर्षें प्रत्यक्ष भोगल्याविना सोडूं नये, असें तें कलम. २०२४ सालीं अमलांत आलेल्या नव्या संहितेच्या ४७५ व्या कलमांतही तेंच आहे. तेव्हां १४ वर्षांनीं सुटका होत नाहीं. सुटकेचा विचार करण्यास सरकार मोकळें होतें, इतकेंच.

पण हा विचार कोणाचा होतो? ज्यास वकील आहे, ज्याचा भाऊ मुंबईस खेपा घालूं शकतो, त्याचा कागद पुढें सरकतो. ज्याची बायको रोजानें खुरपावयास जाते, तिचा अर्ज कोण लिहिणार? शिक्षा दोघांची एक, मग सुटकेला पैशाचें माप कां?

सर्वोच्च न्यायालयानें १८ फेब्रुवारी २०२५ रोजीं हुकूम दिला, कीं जेथें माफीचें धोरण आहे तेथें कैदी पात्र होतांच सरकारनें आपण होऊन विचार करावा, अर्जाची वाट पाहूं नये, आणि निर्णयाचीं कारणें लिहून कैद्यास कळवावींत. आमची मागणी अशी, कीं हें सारें कायद्यांतच मुदतीसह लिहावें. म्हणजे हुकूम कपाटांत पडून राहणार नाहीं.

रजेचेंही तसेंच. महाराष्ट्रांत फर्लो ही घरचा संबंध तुटूं नये म्हणून, तर पॅरोल हा मृत्यु, आजार अशा नडीसाठीं मिळतो. पण पोलिसांचा अहवाल व जामीनदार हवा. बापाच्या मातीला जावयाचें असतां गरिबानें जामीनदार कोठून आणावा? जातमुचलक्यावर त्यास सोडावें.

मेलेल्याच्या घरचें दुःख आम्ही विसरत नाहीं. पुष्कळदां तेंही कष्टकऱ्याचेंच घर असतें. त्यांचें म्हणणें ऐकलेंच पाहिजे. पण माणूस सुधारतच नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आटपाडीजवळचें स्वतंत्रपूर पाहावें. औंध संस्थानांत १९३९ सालीं निघालेल्या या खुल्या वसाहतींत कैदी शेती करीत आणि बायकामुलांसह राहत आले आहेत.

बंधूंनो, तुमच्या गांवचा माणूस आंत असेल तर वर्षें मोजा. तुरुंगाच्या अधीक्षकास विचारा, कीं याचें प्रकरण पाठविलें काय? कैद्यास फुकट वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानें आहे. त्यासाठीं जिल्ह्याच्या विधि सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि मत मागावयास येणाऱ्यास विचारा, कीं हा कायदा तुम्ही केव्हां करणार?