बेलबॉटमची पिढी आणि संस्कारांची शिदोरी

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



प्रत्येक पिढीला आपल्या पुढची पिढी बिघडलेली वाटते. १९७० ते १९८० या दशकातील तरुणांना तर हा आरोप उठता-बसता ऐकावा लागला. कानांवरून मानेवर रुळणारे केस, गालावर उतरलेले कल्ले, लांब टोकांची कॉलर, गुडघ्यापाशी आवळलेली आणि खाली घोळदार होत जाणारी बेलबॉटम पँट. असा तरुण दारात उभा राहिला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडे. देशाचे भवितव्य यांच्या हाती जाणार, या कल्पनेने अनेक सज्जन अस्वस्थ होत. अर्धशतक उलटल्यावर त्या आरोपाचा शांत चित्ताने विचार करणे उद्बोधक ठरेल.

ही लाट आली कोठून? बेलबॉटम ही मूळची पाश्चात्त्य खलाशांची विजार. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातील बंडखोर तरुणांनी ती उचलली आणि तेथून ती आपल्या पडद्यावर आली. राज कपूर यांचा ‘बॉबी’ १९७३ मध्ये झळकला आणि त्यातील नायिकेच्या ठिपक्यांच्या पोषाखाची नक्कल गल्लोगल्ली दिसू लागली. संगीतातही तेच घडले. राहुलदेव बर्मन यांच्या चालींत विजेवर चालणारी गिटार, ड्रम आणि पाश्चात्त्य ताल ठळकपणे वाजू लागले. कपड्यांच्या बाबतीत व्यावहारिक कारणही होते. टेरिलीन आणि टेरिकॉट ही कापडे रात्री धुतली की सकाळी वाळत. त्यांना ना खळ लागे, ना फारशी इस्त्री. सुती कपड्यांची निगा राखून कंटाळलेल्या मध्यमवर्गीय घराला त्यांचा मोह पडला, यात नवल नव्हते.

याच सुमारास एक विलक्षण विरोधाभास घडत होता. ज्या पश्चिमेचे अनुकरण आपले तरुण करीत होते, तेथील तरुण भोगवादाला विटून भारताकडे डोळे लावून बसले होते. १९६८ मध्ये बीटल्स हा जगप्रसिद्ध वाद्यवृंद ध्यानधारणा शिकण्यासाठी ऋषिकेशला येऊन राहिला. त्यातील जॉर्ज हॅरिसन यांनी पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेतले. प्रभुपादांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या संस्थेमुळे तेथील रस्त्यांवर हरिनामाचा गजर होऊ लागला. त्यांच्या गळ्यात माळा आणि अंगात कुडते आले. आमच्या अंगात त्यांच्या विजारी आल्या! एकमेकांच्या घरचे कपडे घालून दोन प्रवासी वाटेत एकमेकांना ओलांडून जावेत, तसेच हे झाले.

मात्र या गोष्टीने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या पाश्चात्त्य तरुणांपैकी अनेकांनी आपल्या परंपरेचेही टरफलच उचलले. माळा घेतल्या, पण साधनेचे कष्ट घेतले नाहीत. अमली पदार्थांच्या नशेत सतार ऐकणाऱ्या श्रोत्यांबद्दल पंडितजींनी स्पष्ट नाराजी व्यक्त केली होती. गोव्याच्या हणजूण किनाऱ्यावर आणि काठमांडूच्या गल्ल्यांत त्या नशेचे परिणाम दिसत होते. देव आनंद यांचा १९७१ चा ‘हरे रामा हरे कृष्णा’ याच विषयावरचा. चित्रपट सावध करण्यासाठी निघाला, पण लोकांच्या ओठांवर राहिले ते त्यातील धुंदीचे गाणे! बाह्यरंगाचे आकर्षण किती बलवान असते, याचा हा पुरावाच होय.

मग ती पिढी खरोखरच वाया गेली का? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. ‘बॉबी’ आला त्याच १९७३ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या भोजनाचे दर वाढले म्हणून विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मार्च १९७४ मध्ये बिहारचा विद्यार्थी उठला आणि त्याने जयप्रकाशजींना नेतृत्वाची विनंती केली. त्या मोर्चांची छायाचित्रे आजही पाहावीत. तेच वाढलेले केस, त्याच घोळदार विजारी!

२५ जून १९७५ च्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली. ४ जुलै रोजी संघावर बंदी आली. १४ नोव्हेंबरपासून लोकसंघर्ष समितीच्या वतीने देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि हजारो तरुण हसतमुखाने कारागृहात गेले. शिक्षण अर्धवट सुटेल, नोकरीची दारे बंद होतील, हे ठाऊक असूनही ते गेले.

त्या पर्वातील एक प्रसंग मुद्दाम स्मरावा असा आहे. निवडणुका जाहीर झाल्यावर ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची विराट सभा ठरली. नुकतेच काँग्रेस सोडून बाहेर पडलेले जगजीवनराम आणि स्वतः जयप्रकाशजी बोलणार होते. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून सरकारी दूरदर्शनने त्याच दिवशी ‘बॉबी’ दाखविण्याची युक्ती योजली. लोकप्रिय चित्रपट घरबसल्या, फुकट! तरीही मैदान माणसांनी फुलून गेले. बाबूजींनी बॉबीवर मात केली, असे वृत्तपत्रांनी दुसऱ्या दिवशी छापले. गाण्यांच्या नादी लागलेला समाज कर्तव्याच्या वेळी घरात बसेल, हा सत्तेचा हिशेब साफ चुकला.

सत्तेचा आणखी एक हिशेब चुकला, तो बंदीचा. १९७६ मध्ये सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात सहभागी होण्यास किशोरकुमार यांनी नकार दिला, तेव्हा आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्यांची गाणी बंद करण्यात आली. त्यांची लोकप्रियता तसूभरही घटली नाही. हेतू चांगला असला तरी बंदीने रुची घडत नाही, हे त्याआधी दोन दशकेही दिसले होते. तेव्हाचे नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर हे अभिजात संगीताचे निस्सीम उपासक. १९५२ च्या सुमारास त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावले! अखेर १९५७ मध्ये विविधभारती सुरू करावी लागली.

परंतु त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित झाले. छप्पन गीते! ती ऐकण्याची सक्ती कोणावरही नव्हती. तरीही घरोघरी माणसे रेडिओसमोर भक्तिभावाने बसली. निकृष्टाला अडविण्याने जे साधले नाही, ते उत्कृष्ट देण्याने साधले.

सत्तरच्या दशकात विशीत आलेला मराठी तरुण या स्वरांत वाढला होता. त्याच्या घरी संध्याकाळी शुभंकरोती होती, आजोबांचा हरिपाठ होता, आईच्या ओव्या होत्या आणि मैदानावर शाखा होती. ही शिदोरी पाठीशी होती, म्हणून विजारीचा घेर वाढला तरी मनाचा तोल ढळला नाही. दशक सरले, बेलबॉटम ट्रंकेच्या तळाशी गेली. शिदोरी मात्र जन्मभर पुरली.

आजच्या पालकांची चिंता निराळी नाही. मुलाच्या कानात सदैव काहीतरी अडकवलेले असते आणि हातातील मोबाइलवर क्षणाक्षणाला नवे गाणे, नवी वेशभूषा सरकत जाते. फाटलेली जीन्स पाहून घरोघरी वाद होतात. त्या वादात शक्ती घालविण्याआधी प्रत्येक घराने स्वतःला एक प्रश्न विचारावा. या मुलाच्या कानावर आपल्या घरातून काय पडते? आई-वडील स्वतःच मोबाइलमध्ये मान घालून बसलेले असतील, घरात एक अभंगही कोणी गुणगुणत नसेल, तर दोष बाहेरच्या गाण्याला कसा द्यावा? रिकामे भांडे कोणीतरी भरणारच.

वेश बदलतो, ताल बदलतात, पुढेही बदलतील. त्या त्या काळाचा पेहराव अंगावर असलेला तरुण राष्ट्राच्या हाकेला ओ देईल की नाही, हे त्याच्या शिंप्यावर नव्हे, त्याच्या घरावर ठरते. आठवड्यातून एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसून गावे, ऐकावे, आपली कथा मुलांना सांगावी. एवढे प्रत्येक कुटुंबाच्या हाती आजही आहे.