रोजा आणि शरीरातील चरबी



आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली असते. सहरीनंतर दिवस चढतो तशी ती सरत येते, रक्तातील इन्सुलिन उतरते आणि शरीर चरबीला हात घालते. १ ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, साखरेतून ४च. मग महिनाभर रोजे ठेवूनही पुष्कळांचे वजन ईदला तेवढेच का? इफ्तारचे गोड सरबत आणि तळलेली भजी! इन्सुलिन पुन्हा चढते, चरबीचे ज्वलन मंदावते. खजूर खा, पाणी प्या. सरबताचा दुसरा पेला राहू द्या. तरावीहला रिक्षा कशाला, चालत जा.

मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. घाम सुटून हातपाय कापू लागले, साखर ७०च्या खाली गेली, तर मगरिबची वाट न पाहता तेव्हाच रोजा सोडावा.