देश सोडून माणसे का जातात?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. चौकशीसाठी मी घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला आणि म्हणाली, "सर, मामूने व्हिसाचं बघितलंय. दहावी होऊनसुद्धा शेवटी तिकडेच जायचं ना? मग दोन वर्षं फुकट कशाला?" मी चहा पिऊन परत आलो. त्या माउलीला देण्यासारखे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. आज ते देण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. देशांतर हे पाप नव्हे, कमीपणाही नव्हे. आपली हिजरी कालगणना कोणाच्या जन्मापासून सुरू होत नाही, ती इ. स. 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला झालेल्या प्रस्थानापासून मोजली जाते. तेव्हा "जाऊ नका" असे सांगायला मी उभा नाही. माणूस का जातो आणि कोणत्या तयारीने जातो, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या कोकणाकडे पाहा. पाऊस तीनशे सेंटिमीटरच्या वर पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पावसाळ्यात भाताचे एक पीक निघते. पूर्वी त्यातला हिस्सा खोताच्या घरी जाई. खोती नष्ट करणारा कायदा 1949 साली झाला, पण तोपर्यंत चार भावांत वाटलेल्या जमिनीचे तुकडे रुमालाएवढे झाले होते. हा झाला मागून बसणारा धक्का. मग कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बोटीवर खलाशी झाला.

पुढून ओढही असावी लागते. 1886 साली दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणी सापडल्या आणि तिथल्या बंदरांना बरकत आली. नाताळमध्ये 1860 पासून 1911 पर्यंत दीड लाखांहून अधिक हिंदी मजूर करारावर नेण्यात आले. आपले कोकणी मुसलमान मात्र बहुतेक स्वतःच्या खर्चाने केपटाऊनला गेले. बंदरात, दुकानात, फेरीच्या धंद्यात त्यांनी पोट भरले. तिसरी गोष्ट म्हणजे नात्याची दोरी. एक गेला की तो भावाला बोलावतो, भाऊ मेव्हण्याला. म्हणून एका गावातली माणसे एकाच शहरात सापडतात.

माझ्या नानीचे आजोबा असेच केपटाऊनला गेले. विचार दोन-चार वर्षांचा होता. पैसे साठवायचे, घरावर कौले घालायची आणि परत यायचे. मग ते तिथलेच का झाले? याचे उत्तर कायद्यात आहे. केपच्या 1902 आणि 1906 च्या कायद्यांनी नव्याने येणाऱ्या माणसाला अट घातली, की त्याला एखाद्या युरोपीय भाषेत लिहिता आले पाहिजे. आधीपासून राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी यायचे तर फोटो लावलेले परमिट घ्यावे लागे. त्याची मुदत चुकली की परतीचे दार बंद होण्याची भीती. नानीचे आजोबा असे परमिट घेऊन एकदाच गावी आले आणि मुदत संपण्याआधी घाईने परत गेले. नानीचे वडील तेव्हा चार वर्षांचे होते. बाप-लेकांची पुन्हा भेट झाली नाही.

बायकोला तिकडे नेणेही सोपे नव्हते. मार्च 1913 मध्ये केपचे न्यायाधीश सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात अनेक पत्नींची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तिथे ग्राह्य नाही. बाई मरियम नावाच्या मुसलमान स्त्रीला त्यामुळे नवऱ्याजवळ राहण्याचा हक्क नाकारला गेला. या अपमानाविरुद्ध गांधीजींच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह स्त्रियाही तुरुंगात गेल्या. 1914 च्या कायद्याने एका पत्नीपुरती मान्यता मिळाली. पण तोपर्यंत किती संसार दोन किनाऱ्यांवर फुटले असतील! आमच्या घरात "त्यांनी गाव सोडले" असे कोणी कधी म्हटले नाही. "ते आफ्रिकेला आहेत" असेच शेवटपर्यंत म्हणत. ये-जा करण्याची वाट मोकळी असती तर ते परत आले असते, असे मला आजही वाटते.

आता जवळचे उदाहरण. 1973 नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांची दारे उघडली. माझे अब्बा आठवी शिकून कुवेतला एका बेकरीत कामाला लागले. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. त्याच वर्षी माझा जन्म झाला. अब्बा इतर हजारो लोकांबरोबर वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मानला पोहोचले. तेथून आपल्या सरकारने एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणले. अब्बा घरी आले तेव्हा हातात एक पिशवी होती. आठ वर्षांची कमाई तिकडेच राहिली. आणि 1992 साली ते पुन्हा आखातात गेले. अम्मी रडत होती. अब्बा म्हणाले, "आठवी पास माणसाला इथे कोण नोकरी देतो?"

त्या मुलाच्या आईला माझे उत्तर इथे आहे. आफ्रिकेत कित्येक लोक निदान स्थायिक झाले, त्यांच्या पोरांना तिथे घर मिळाले. आखातात सामान्य कामगाराला नागरिकत्व मिळत नाही. व्हिसा कामाशी बांधलेला, काम संपले की परत. म्हणजे आपला मुलगा तिकडे जाणार तो एक दिवस इकडे येण्यासाठीच. तेव्हा हातात विद्या नसेल तर तो चाळिसाव्या वर्षी पुन्हा शून्यावर उभा राहील.

दुसरे असे की, 1983 च्या कायद्याप्रमाणे दहावी पास नसलेल्या माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. पासपोर्टवरच तशी नोंद असते. दहावी पास झालेल्याला ही अट लागू होत नाही. केपच्या बंदरावर आमच्या वाडवडिलांना अक्षर विचारले होते. आजही अक्षरच विचारतात. मग ती दोन वर्षे फुकट कशी?

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. दहावीच्या आत मुलाला शाळेतून काढू नका. जमल्यास दहावीनंतर आयटीआयचा एखादा कोर्स करू द्या. वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र असलेल्याला हेल्परपेक्षा जास्त पगार मागता येतो. करारनामा वाचल्याशिवाय सही करू देऊ नका, आणि तो वाचण्याइतकी इंग्रजी त्याला येऊ द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरातून कोण, केव्हा, कुठे गेले ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. नानी गेल्या आणि आजोबांचे केपटाऊनचे मोहल्ले आम्हाला सांगणारे कोणी उरले नाही.

तो मुलगा अजून गावातच आहे. व्हिसा आलेला नाही. जूनमध्ये शाळा उघडली की मी पुन्हा त्याच्या घरी जाणार आहे. या वेळी बोलण्यासारखे काही माझ्यापाशी आहे.