शिल्लक रजा



डिसेंबर महिना लागला कीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कचेऱ्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. एरवीं वर्षभर कामांतून मान वर न करणारा कारकून आस्थापना शाखेंत जाऊन हळूच विचारतो, "माझी किती रजा उरली आहे?" नैमित्तिक रजा वर्षाअखेर बुडते, म्हणून ती घाईघाईनें संपविली जाते. कोणी चिखलीला बहिणीकडे जातो, कोणी शेतावर कापसाच्या वेचणीवर नजर ठेवावयास जातो. अर्जित रजेची गोष्ट वेगळी. ती पुढच्या वर्षाच्या खात्यांत जाते, म्हणून तिला कोणी हात लावीत नाहीं. "राहूं द्या, पुढें उपयोगीं पडेल," असें आपण म्हणतों. हें 'पुढें' म्हणजे नेमकें केव्हां, याचा विचार आज आपणांबरोबर करावा, असा माझा हेतु आहे.

प्रथम नियम पाहूं. राज्य शासनाच्या सेवकांस महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यांप्रमाणें दर वर्षीं १ जानेवारीस १५ व १ जुलैस १५, अशी ३० दिवसांची अर्जित रजा खात्यांत जमा होते. साठवण्याची मर्यादा ३०० दिवस. सेवानिवृत्तीच्या वेळीं शिल्लक रजेचा, जास्तींत जास्त ३०० दिवसांचा, पगार रोख मिळतो. याखेरीज दर वर्षीं २० दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते, ती निराळीच. तीनशें दिवस म्हणजे दहा महिन्यांचा पगार. घरावर स्लॅब टाकावयाचा असो, मुलीचें लग्न असो, आयुष्याच्या त्या वळणावर ही रक्कम केवढा आधार देते, हें मध्यम स्थितींतल्या कुटुंबास सांगावयास नको. रजा सांठविणाऱ्यास मी मुळींच दोष देत नाहीं.

परंतु आतां थोडें गणित करूं. तीस वर्षांची नोकरी धरली, तर वर्षाला ३० प्रमाणें ९०० दिवस होतात. त्यांतले ३०० सांठवावयाचे. मग उरलेल्या ६०० दिवसांचें काय? जो रजा मुळींच घेत नाहीं, त्याची मर्यादा दहा वर्षांत भरते. पुढें घागर भरलेली, आणि वरून पडणारें पाणी वाहून चाललेलें! ज्या रजेस आपण 'शिल्लक' म्हणतों, तिच्यांतली दोन-तृतीयांश शिल्लक नसतेच. ती बुडालेली असते. हे ६०० दिवस घेतले असते, तर निवृत्तीच्या रकमेंतला एक पैसाहि कमी झाला नसता.

हें गणित मला उशिरां कळलें, तें आमच्या घरांत. माझे वडील याच जिल्ह्यांतील एका कचेरींत कारकून होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. त्यांच्या रजेचा हिशेब असा स्वच्छ कीं वरिष्ठ इतरांना त्यांचें उदाहरण देत. आईची एकच इच्छा होती. शेगांवाहून श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढीसाठीं पंढरपुरास पायीं जाते. त्या दिंडींत एकदां दोघांनीं चालावें. वाट साधारण महिन्याची. अण्णा दर वर्षीं म्हणत, "पुढच्या वर्षीं नक्की." कधीं तपासणी निघे, कधीं निवडणुकीचें काम, कधीं बदलीची हूल. एकदां तर त्यांनीं अर्ज लिहिला आणि खिशांतच ठेवला. साहेब नाहीं म्हणतील, मग मागावें तरी कशाला, असा विचार केला. अण्णा निवृत्त झाले. तीनशें दिवसांचा पगार मिळाला आणि त्यांतून घराचें छत पक्कें झालें. त्या वर्षीं आई पंढरपुरास गेली. एस. टी. नें गेली, तोंवर तिचे गुडघे धरले होते. वाटेंत दिंडी लागली तेव्हां तिनें खिडकींतूनच हात जोडले. अण्णा कांहीं बोलले नाहींत. एका वर्षाची अर्जित रजा ३० दिवसांची, आणि पंढरीची पायवाटहि सुमारें तेवढ्याच दिवसांची. मर्यादा भरल्यावर गेलेलें प्रत्येक वर्ष म्हणजे एक एक बुडालेली वारी होती.

ही रजा आपणांस कोणी सुखासुखीं दिलेली नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं आठवड्याची सुटीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांस संघटित करून ती मागणी धरून ठेवली, तेव्हां १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मान्य झाली. पगारी रजेस त्याहून अर्धें शतक अधिक लागलें. १९४५ च्या दुरुस्तीनें कारखान्यांतील प्रौढ कामगारास वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्यानें वर्षांत २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागें एक दिवस रजा दिली, आणि न घेतलेली रजा ३० दिवसांपर्यंत पुढें नेण्याची मुभा ठेवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आलेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेनें २४० ची अट १८० वर आणली. पुढें नेण्याची मर्यादा ३० दिवसच राहिली. मात्र त्यापलीकडची रजा रोखीनें मागून घेण्याची सोय झाली.

या नियमांत एक लहानसें वाक्य आहे, आणि मला तें सर्वांत मोलाचें वाटतें. कामगारानें रीतसर अर्ज केला व मालकानें रजा नाकारली, तर ती नाकारलेली रजा मर्यादेबाहेरहि पुढें नेतां येते. दुकानें व आस्थापना यांच्यासाठीं महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यांत सांठवण्याची मर्यादा ४५ दिवसांची आहे, आणि पंधरा दिवस आधीं मागितलेली रजा नाकारल्यास ४५ दिवसांवरील रजेचे पैसे मागण्याचा हक्क आहे. कायदा न मागणाऱ्यास एका मापानें मोजतो व मागूनहि न मिळालेल्यास दुसऱ्या. खिशांत ठेवलेल्या अर्जास तो ओळखत नाहीं. म्हणून अर्ज लेखी करावा, वेळेवर करावा, आणि त्याची तारखेसह एक प्रत आपणांजवळ ठेवावी. 'नाहीं' हें उत्तर येईल म्हणून प्रश्नच न विचारणें, हा आपल्याच हक्कावर आपण केलेला अन्याय होय.

तथापि आपल्या जिल्ह्यांत अशींहि माणसें आहेत, ज्यांना ही चिंता करण्याचेंहि भाग्य नाहीं. खामगांव ही कापसाची जुनी पेठ. १८७० सालीं जलंबपासून तेथवर रेल्वेचा फांटा आला तो या कापसासाठींच. तेथील जिनांत व प्रेसांत हंगामापुरतें काम चालतें. हंगाम सरला कीं मजूर घरीं जातो. त्याचे २४० दिवस कधीं भरतच नसत. आतां अट १८० ची झाली, तरी साप्ताहिक सुट्या व खाडे वजा जातां तेवढेहि दिवस पुष्कळांचे भरणें कठीणच आहे. रजा पुढें नेण्याची गोष्ट दूरच. त्यांची रजा जन्मासच येत नाहीं. त्याच्याहि पलीकडे सालगडी आहे. पाडव्याला त्याचें साल ठरतें आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो बांधलेला असतो. घरीं तापानें मूल फणफणलें म्हणून तो आला नाहीं, तर त्या दिवसाचा खाडा लागतो व सालाच्या रकमेंतून कापला जातो. आपल्या खात्यांत रजा जमा होते. त्याच्या खात्यांत खाडे जमा होतात.

आणि याच शेतकऱ्याच्या घरीं विश्रांतीचें खरें शास्त्रहि आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाच्या खांद्यास हळद-तूप चोळून खांदमळणी करतात आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. कितीहि काम पडलेलें असो, कोणी शेतकरी असें म्हणत नाहीं कीं यंदाचा पोळा राहूं द्या, पुढच्या वर्षीं दोन करूं. त्याला ठाऊक असतें कीं सोललेला खांदा पुढच्या वर्षाची वाट पाहत नाहीं. विश्रांति ज्या वर्षाची त्याच वर्षीं घ्यावी लागते. पैसा पुढें नेतां येतो. थकवाहि नकळत पुढें जातो. विश्रांति मात्र नेतां येत नाहीं. जें ज्ञान आपण बैलाच्या बाबतींत पाळतों, तें स्वतःच्या बाबतींत कां विसरावें?

मग करावें काय? नोकरी नवी असेल, तर आजारपणासाठीं म्हणून थोडी रजा जरूर सांठवावी. परंतु वर्षाच्या आरंभींच घरच्या मंडळींस विचारून एक भाग त्याच वर्षीं खर्चावयाचा, असें ठरवून टाकावें. सेवा अर्ध्यावर आली कीं खात्याकडे एकदां पाहावें. घागर भरत आली असेल, तर वाहून जाणारें पाणी प्यावें. वरिष्ठांनींहि, कधींहि रजा न घेणारा सेवक हाच आदर्श, ही समजूत सोडावी. पेरणीच्या दिवसांत सर्वांनाच एकदम रजा हवी असते हें खरें. पण पाळी ठरवून दिली तर कोणाचेंहि काम अडत नाहीं. आणि ज्यांच्या शेतावर सालगडी आहे, त्यांनीं येत्या पाडव्याला साल ठरवितांना वर्षांतले चार दिवस बिनखाड्याचे बोलून टाकावेत. त्यासाठीं कोणत्याहि कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आमच्या घराचें छत अजून भक्कम आहे. पावसाळ्यांत एक थेंब गळत नाहीं. त्याबद्दल अण्णांचे उपकार मी विसरणार नाहीं. परंतु ज्येष्ठांत टाळांचा आवाज कानीं आला कीं मी माझ्या रजेचा अर्ज लिहितों, आणि तो खिशांत ठेवीत नाहीं.