भरपाईचा हिशेब आणि तडजोड

(ज्ञातिमंडळाच्या जालना येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वकिलीच्या व्यवसायात आलेले अनुभव मी आपणांपुढे मांडावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. तिला मान देऊन मी उभा आहे.

1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून निराळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्याच सुमारास मी सनद घेतली. शहरात जिनिंगचे कारखाने होते. पुढे लोखंडी सळयांच्या रोलिंग मिल वाढल्या. यंत्र व भट्टी आली की अपघातही आले. त्यामुळे कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे हेच माझे कार्यक्षेत्र झाले.

1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्याचे मर्म असे की, काम करीत असता व कामामुळे मजुरास मृत्यू आला, तर मालकाचा अपराध सिद्ध न करताही भरपाई मिळावी. ती दया नव्हे, देणे आहे. मात्र हे पैसे परस्पर वारसांच्या हाती ठेवून मालक मोकळा होत नसे. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम वगळता सर्व भरणा आयुक्ताकडे करावा लागे. असे का, हे मला एका चुकीने शिकविले.

व्यवसायाच्या आरंभीच्या काळात आपल्याच ज्ञातीतील एका गृहस्थांच्या कारखान्यात आपल्याच ज्ञातीतील एक मजूर दगावला. वडीलधारी मंडळी म्हणाली, "वकीलसाहेब, घरातले घरात मिटवा." मी मध्यस्थ झालो. एक रक्कम ठरली, विधवेचा अंगठा उमटला, आणि सर्वांनी माझी पाठ थोपटली. कायद्याने किती देणे होते, याचा हिशेब मी केलाच नव्हता! तीन वर्षांनी मुलाच्या शाळेची फी मागावयास ती माउली माझ्या दारी आली. त्या रात्री मी हिशेब मांडला. तिला निम्म्याहूनही कमी मिळाले होते, आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटली होती.

मालकांकडे गेलो, रिक्त हस्ते परतलो. अखेर दुसऱ्या वकिलामार्फत विलंबमाफीचा अर्ज करविला आणि मी स्वतः तिच्या बाजूने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. विलंब माफ झाला. उरलेली रक्कम मिळाली. कित्येक ज्ञातिबांधवांनी पुढे माझ्याशी बोलणे टाकले. त्याचे दुःख झाले, पश्चात्ताप मात्र नाही.

म्हणून मी तडजोडीचा वैरी झालो, असे समजू नये. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि चूल रोज पेटावी लागते. न्यायाची तडजोड लवकर होणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. परंतु आधी हिशेब, मग तडजोड. 2021 साली 30 वर्षे वयाचा मजूर मृत्यू पावला आणि त्याचे वेतन दरमहा 15,000 रुपये होते असे धरा. वेतनाचा निम्मा भाग 7,500 रुपये. वयाचा गुणक 207.98, म्हणजे भरपाई 15,59,850 रुपये. हा आकडा ठाऊक नसलेल्या विधवेपुढे दोन लाखांची रास ओतली, तर ती उपकारच मानील. लोकअदालतीच्या निवाड्यावर तर अपीलही नाही; तेथे सही करण्यापूर्वीच आकडा हाती हवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला असून आयुक्ताच्या जागी सक्षम प्राधिकारी आहेत. स्त्रियांस व औद्योगिक कामगारांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. हे आपल्या प्रत्येक घरी पोहोचवावे, ही तरुणांस विनंती.

ज्ञाती ही माउली असेल, तर तिने दुबळ्या लेकराचे ताट आधी वाढावे. इतके बोलून मी आपली रजा घेतो.